सहा पेचांच्या खाचा

आश्विनातली पहाट म्हटलं, की मला आधी उजेड आठवत नाही, एक मान आठवते. डावीकडे किंचित कललेली, मोटारीच्या उघड्या बोनटवर झुकलेली. कानामागच्या हाडाला पेचकसाची लाकडी मूठ टेकलेली, पेचकसाचं दुसरं टोक इंजिनावर, आणि डोळे मिटलेले. शेतांतून कापसाची पहिली बोंडं उमलत असायची, दवानं भिजलेल्या काळ्या मातीला एक आंबूस, ओला वास सुटलेला असायचा, आणि त्या निःशब्द प्रहरी हा माणूस लोखंडाच्या पोटातलं बोलणं ऐकत उभा असायचा. इंजिन सुरू असताना त्याला हाक मारलेली त्याला खपत नसे. एकदा मी चहा घेऊन गेले आणि बोलले, तर डोळे न उघडताच हात वर करून मला गप्प केलं, आणि चहा गार झाला.

हा माणूस म्हणजे माझा नवरा, किसन. गावाला किसन डायवर. मी जन्मात कधी त्यांचं नाव घेतलं नाही. आज कागदावर पहिल्यांदा लिहिलं, आणि लिहूनही पुन्हा ‘हे’वरच येणार. तीस वर्षं शाळेत पोरांना शिकवलं, पण काही सवयी शिकण्यानं सुटत नाहीत.

राळेगावच्या पुढे आमचं गाव. गावात मोटार एकच, भाऊसाहेबांची. भाऊसाहेब जुने मालगुजार, गावाच्या जमिनीचे धनी. मालगुजारी कायद्यानं गेली होती, पण ओट्यावर बसायची ढब काही गेली नव्हती. त्यांच्या काळ्या मोटारीचे हे चालक, आणि वैद्यही हेच. गावाच्या रीतीप्रमाणे आमच्या हाताला त्या घरात कुणाचा हात लागत नसे. पाणी वरून ओतायचं, चहाची कपबशी गोठ्याच्या वळचणीत वेगळी. मोटारीची चावीसुद्धा सकाळी भाऊसाहेब ओट्याच्या दगडावर ठेवत, हे उचलत. संध्याकाळी हे दगडावर ठेवत, भाऊसाहेब उचलत. त्या दगडाला चावी ठेवून ठेवून एक बारीक चकाकी आली होती. मोटार धुताना, पुसताना, चालवताना ह्यांचा हात लागलेला चालत असे. चावी देताना लागलेला चालत नसे. ह्या हिशेबाला मी मनातल्या मनात हसायची, आणि हे माझ्यावर चिडायचे. भाऊसाहेबांबद्दल वावगा शब्द ह्यांना सहन होत नसे.

छप्पन सालचा उन्हाळा मला ह्यांच्या हातांमुळे आठवतो. वैशाखात मोटार चढणीला लागली की गुदमरायची, दोन धक्के खायची आणि मरायची. गावभर एकच निदान: ऊन लागलं. आमच्या मुलखात माणसाला काही झालं तरी ऊन लागतं आणि मोटारीला काही झालं तरी ऊनच लागतं. उन्हानं पेट्रोलची नळीतच वाफ होते, हे खोटंही नाही. म्हणून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला ओलं फडकं गुंडाळायचं, अर्धी विडी ओढायची आणि पुन्हा निघायचं, हा सगळ्या चालकांचा तोडगा. हे मात्र फडकं बांधायला तयार नव्हते. ह्यांचं म्हणणं, ऊन दुपारी लागतं. जी मोटार सकाळच्या गारव्यातही चढणीला दम टाकते, तिचा रोग वेगळा. सपाटीवर थोडं पेट्रोल पुरतं, चढणीला जास्त लागतं, आणि तिथंच पंपाचं खरं बळ कळतं.

मग ह्यांनी इंजिनाजवळची नळी सोडवली, तिच्या तोंडाशी एक बाटली धरली आणि भाऊसाहेबांना आत बसून स्टार्टर ओढायला सांगितलं. निरोगी पंपाची धार पिचकारीसारखी उडते. ही नुसती लाळेसारखी ओघळत होती. नळीवर अंगठा ठेवला, तर अंगठ्याला आतून रेटा लागेना. “पोटात पेट्रोल हाय, घशापर्यंत येऊन नाही राह्यलं,” हे म्हणाले. पंपाचं झाकण सहा पेचांनी कसलेलं होतं. ते उघडून आतला पडदा काढला. हातभर दूर धरला तर साधं वाटोळं काळपट कापड, पण ते वरखाली होतं तेव्हाच पेट्रोल पुढे सरकतं. त्याच्या कडेला वयानं बारीक बारीक चिरा पडल्या होत्या, म्हाताऱ्या माणसाच्या टाचेला पडतात तशा.

नागपूरहून नवा पडदा आला त्या दिवशी भाऊसाहेबांनी स्वतः पाहायची इच्छा धरली. लिंबाखाली मोटार उभी. हे शिकवत होते, आणि शिकवताना ह्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड आला होता, तो मी लग्नातही पाहिला नव्हता. पडदा सुरकुती न पडता बसवायचा, समोरासमोरचे पेच थोडे थोडे कसत न्यायचे, आणि शेवटी ह्यांची स्वतःची एक रीत: सहाही पेचांच्या डोक्यावरच्या खाचा एकाच दिशेला आणायच्या, सगळ्या उगवतीकडे तोंड करून. यंत्राला त्याची काही गरज नसते. पण आपल्यामागे कुणी झाकण उघडलं तर आपल्याला कळतं, आणि नाही उघडलं तरी काम देखणं दिसतं, असं हे म्हणायचे. त्या भरात भाऊसाहेबांनी हात पुढे केला आणि ह्यांच्या हातातून पेचकस घेतला. सरळ, हातातून हातात.

त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत नीट. दोनदा म्हणाले, “पाह्यलं का तू? माह्या हातातून घेतला.” दुसऱ्या दिवसापासून चावीही हातातून हातात यायला लागली. दगडाची चकाकी हळूहळू मळली. ह्यांनी तो जुना, चिरलेला पडदा घरी आणून खुंटीला टांगला, जणू कुठल्या पराक्रमाचं पदकच. पेट्रोलच्या वासानं माझं डोकं उठायचं; मी फेकून द्यायला निघाले की सासूबाई म्हणायच्या, “राहू दे वं, त्याचा जीव हाय त्याच्यात.”

सासूबाईंचे गुडघे आखडून गेले होते. बसल्या जागेवरून सरपटत दारापर्यंत, एवढंच त्यांचं जग. पण छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला आपल्या समाजाची दीक्षा आहे, जुना धर्म टाकून नवा घ्यायचा आहे, ही बातमी वस्तीत आली, आणि त्या म्हाताऱ्या देहात कुठून कोण जाणे एक तारुण्य शिरलं. पांढरं लुगडं धुऊन, वाळवून, घडी करून त्यांनी उशाशी ठेवलं, आणि रोज ती घडी मोडून पुन्हा घालत. वस्तीतल्या जवान पोरांनी सांगितलं, बांबूला झोळी बांधू, बुढीला खांद्यावरून नेऊ. हे ऐकून भाऊसाहेब घट बसले त्या दिवशी चारचौघांत म्हणाले, “किसन, खांद्यावर कायले? मोटार घेऊन जाय. मी शब्द देतो.”

शब्द दिला. वस्तीतली माणसं आठवडाभर आधीपासून निघाली. कुणी पायी, कुणी रेल्वेनं, भाकरी बांधून, पोरं कडेवर घेऊन. पोरांनी पुन्हा विचारलं, झोळी तयार आहे, म्हातारीला घेऊन जातो. हे हसून म्हणाले, “भाऊसाहेबानं शब्द देल्ला न बाप्पा.” वस्ती रिकामी झाली. कुत्री आणि आम्ही तिघं उरलो. नंतर मला कळलं, की त्याच दिवसांत आजूबाजूचे चार मोठे लोक भाऊसाहेबांच्या ओट्यावर येऊन त्यांना हसून गेले होते: तुमच्याच मोटारीतून तुमचेच गडी धर्म सोडायला निघाले काय, म्हणून.

दसऱ्याच्या आदल्या पहाटे आम्ही निघालो. मोटार ह्यांनी संध्याकाळीच धुऊन, तपासून ठेवली होती. सासूबाईंना मागच्या बैठकीवर उशी देऊन बसवलं. पांढऱ्या लुगड्यात त्या इतक्या लहान दिसत होत्या, की मला हसू आलं. मोटार एका हाकेत सुरू झाली, गावाबाहेर पडली, नाला ओलांडला, चढणीला लागली, दोन धक्के खाल्ले आणि मेली.

अजून सूर्य वर आला नव्हता. रस्त्याकडेच्या गवतावर दव होतं. मागून बांबूच्या टोपल्या भरलेली बैलगाडी आली. गाडीवान रामा, कोलाम जमातीचा. राळेगावच्या बाजाराला निघालेला, ओळखीचा. त्यानं गाडी थांबवून आपलं निदान सांगितलं, “ओलं फडकं बांध ना किसन, ऊन लागलं असन.” हे म्हणाले, “इतक्या गारव्यात कोनतं ऊन लागते रामा?” आणि बोनट उघडलं.

मी स्टार्टर ओढत होते, हे नळीशी बाटली धरून होते. ह्या खेपेला लाळही नाही. एक थेंब आला, नळीच्या ओठावर थरथरला आणि तिथंच राहिला. इंजिनात आदल्या दिवशीचं घोटभर पेट्रोल उरलेलं होतं, तेवढ्यावर आम्ही चढणीपर्यंत आलो होतो. ह्यांनी टाकीत काडी घालून पाहिली, टाकी भरलेली. नळी फुंकून पाहिली, मोकळी. मग पंपाकडे वळले आणि थांबले.

ते थांबणं मी अजून विसरले नाही. ह्यांनी पेचकस लावलाच नाही. नुसते पाहत राहिले. मी खाली उतरून जवळ गेले. सहा पेच होते, घट्ट होते, पण सहाही खाचा सहा दिशांना तोंड करून होत्या. एक उगवतीला, एक मावळतीला, एक आडवी, एक तिरपी. बाजारात चुकामूक झालेल्या पोरांसारख्या. गावात तो पंप उघडता येणारी माणसं दोनच. एक माझ्यासमोर उभं होतं.

मग ह्यांनी पेच काढले, अगदी सावकाश, आणि एकेक पेच माझ्या तळहातावर ठेवला. आतला पडदा नवा होता, वर्षभराचाही नाही. कडेला एक चीर नव्हती. मधोमध मात्र एक रेघ होती, सरळ, स्वच्छ, दाढीच्या नव्या पात्यानं ओढलेली. आमच्या खुंटीला म्हाताऱ्या पडद्याच्या चिरा मी रोज पाहत होते. झिजणं कसं असतं ते मला ठाऊक होतं. हे झिजणं नव्हतं.

ह्यांच्या जागी मी असते तर त्या मोटारीची काच दगडानं फोडली असती. मला भाऊसाहेबांचा राग आला, त्याहून ह्यांच्या भोळेपणाचा आला, आणि त्या लिंबाखालच्या दुपारचा तर इतका आला, की डोळ्यांतून पाणी आलं. नाही म्हणायचं होतं तर तोंडानं म्हणायचं होतं. नाही म्हणाले असते तर झोळी होती, पोरं होती, आम्ही कधीच पोचलो असतो. पण चारचौघांत दिलेला शब्द चारचौघांत मोडायची हिंमत नव्हती त्या माणसाला. म्हणून त्यानं ह्यांनीच शिकवलेल्या हातानं, ह्यांनीच दाखवलेल्या जागी तो मोडला.

थोड्या वेळानं हे हलले. डिकीतून पेट्रोलचा डबा काढला, रबरी नळी काढली. मला म्हणाले, “डबा वरतं बांधतो. वरून खाली तं पेट्रोल आपोआप येते, त्याले पंप नाही लागत. संध्याकाळपर्यंत नागपूर.” माझा जीव भांड्यात पडला. हे दोरी बांधायला लागले, तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या सगळं ऐकत होत्या.

“किसना, गाडी कोनाची हाय?”

“भाऊसाहेबाची.”

“अन् पडदा कोनं कापला?”

ह्यांनी पंपाकडे पाहिलं. हातातली दोरी तशीच.

“मंग मले उतरव. या गाडीत बसून गेली तं मी जुनीच राह्यन.”

मी हात जोडले. म्हणाले, “आत्याबाई, असं कायले करता? पोहोचू तं द्या. मंग काय बोलाचं ते बोला.” खरं सांगते, मी बसले असते त्या मोटारीत. सैतानाची असती तरी बसले असते. मला पोचायचं होतं. पण म्हातारीनं दाराच्या कडेला हात घातला आणि आखडलेल्या पायांनी स्वतःच उतरायला लागली. ह्यांनी धावत जाऊन तिला उचललं आणि रामाच्या गाडीत टोपल्यांच्या मधे बसवलं. रामानं दोन टोपल्या आपल्या मांडीवर घेतल्या आणि जागा केली.

निघण्याआधी ह्यांनी कापलेला पडदा पुन्हा आत बसवला. माझ्या तळहातावरचे पेच एकेक घेऊन कसले, समोरासमोरचे, थोडे थोडे. आणि शेवटी सहाही खाचा एका रेषेत आणल्या, उगवतीकडे तोंड करून. तोवर सूर्य वर आला होता. त्या सहा खाचांत ऊन भरलं. “आता कायले?” मी चिडून विचारलं. हे म्हणाले, “माह्या हातचं काम हाय. वाकडं कसं ठेवू?”

मग आम्हाला रामाच्या गाडीत थांबायला सांगून हे गावाकडे चालत गेले, चावी द्यायला. तिथं काय झालं ते ह्यांनी आयुष्यात मला एकदाच सांगितलं. भाऊसाहेब ओट्यावर दाढी करत बसले होते. ह्यांना पाहून त्यांनी विचारलं, काय रे, बंद पडली का? आणि चावीसाठी हात पुढे केला. अर्ध्या गालाला साबण, आणि हात पुढे केलेला. ह्यांनी त्या हाताकडे पाहिलं, चावी दगडावर ठेवली आणि म्हणाले, “पेच सरळ नाही कसले तुमी, भाऊसाहेब. म्या तं सांगतलं होतं.” मागे वळून न पाहता आले. तो हात किती वेळ तसाच राहिला, हे ह्यांनाही माहीत नाही.

राळेगावला बस मिळाली नाही. माणसांनी दारं गच्च भरलेली. दुसऱ्या बैलगाडीनं वर्धा, वर्ध्याला रेल्वेच्या डब्यात पाय ठेवायला जागा नाही, एक गाडी गेली, दुसरी गेली. तिसऱ्या दिवशी सांजेला आम्ही नागपूरला पोचलो, तेव्हा माणसं परतत होती. रस्त्याच्या एका अंगानं पांढरी वस्त्रं लोटत येत होती, चेहऱ्यांवर असा काही नवा उजेड घेऊन, की मला त्यांच्याकडे पाहवेना. आणि त्या लोटाच्या उलट दिशेनं हे चालले होते, पाठीवर म्हातारी. आमच्या वस्तीतली पोरं भेटली. झोळीचा बांबू त्यांच्या खांद्यावर रिकामा होता.

दीक्षेच्या मैदानावर धूळ होती, तुडवलेलं गवत होतं. ह्यांनी आईला खाली ठेवलं. तिनं दोन्ही तळवे मातीवर टेकले, बराच वेळ. मग म्हणाली, “माती अजून गरम हाय रे किसना. मानसं बसून गेली न.” पुढे राळेगावला तिनं रीतसर दीक्षा घेतली, आम्हीही घेतली. पण पुढची दोन वर्षं, मरेपर्यंत, ती त्या मातीचीच गोष्ट सांगायची. मला मात्र तिचा राग बरीच वर्षं येत राहिला. आता येत नाही. आता वाटतं, आम्हा तिघांत पोचली असेल तर तीच.

आम्ही गाव सोडलं. ह्यांना यवतमाळात एका गॅरेजात काम मिळालं, मी सातवी पास होते, मास्तरीण झाले. ह्यांच्या हाताखाली अनेक जण तयार झाले. सगळं शिकवायचे, मोकळ्या मनानं. पण पंपाचा पडदा बसवायची वेळ आली, की पाठ फिरवून उभे राहायचे. माणसं गंमत करायची, मिस्तरींचं गुपित म्हणून. गुपित कसलं. एकदा मी बोलले, “सगळे काही भाऊसाहेब नसतात.” तर म्हणाले, “मले मालूम हाय. हाताले मालूम नाही.”

भाऊसाहेबांनी ती मोटार बैलांनी ओढून घरी नेली, पण पुन्हा चालवली नाही, असं गावाकडून कळलं. त्या सरळ खाचांना पुन्हा स्वतः पेचकस लावणं त्यांना जमलं नसावं. दुसरा मिस्तरी बोलावता आला असता. पण बोलावला असता तर त्यानं झाकण उघडलं असतं आणि ती रेघ पाहिली असती. गोठ्याशेजारच्या पडवीत कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. भाऊसाहेब गेले, हेही गेले. आमच्या घरातल्या दारांच्या बिजागऱ्यांचे पेच ह्यांनीच कसलेले आहेत, सगळ्या खाचा उभ्या. संध्याकाळी दार लोटताना मी बोटानं एकदा तपासून घेते.

जाणाऱ्या माणसामागे काय उरतं, असं कुणी विचारलं तर मला ती पडवीच आठवते. तिथं गंजत चाललेल्या लोखंडात ते सहा पेच अजून तसेच असतील, सहाही उगवतीकडे तोंड करून. वरून पाहणाऱ्याला सगळं सरळ, आणि आत, अंधारात, तेवढी एक रेघ, जी कुठल्याच वर्षानं सांधली नाही.